संमतीपत्रावरची माझी सही

आमच्या घरामागच्या परड्यावरून ११ केव्हीची लाईन गेली ती माझ्या संमतीने. जबरदस्ती कुणी केली नाही. कागद पुढे आला, मी सही केली. नंतर जे अडलं त्यात वीज कंपनीचा आणि ठेकेदाराचा वाटा आहेच. पण माझ्या हातून काय चुकलं ते आधी सांगायला हवं, कारण ज्या घरांवर आज आखणीचे लोक येतायत, तिथे त्याच चुका होताना मला दिसतात.

पहिली चूक आखणीच्या दिवशीच झाली. ठेकेदाराच्या माणसांनी परड्यात फक्कीने फुल्या मारल्या, नारळाच्या बुंध्यावर लाल पट्टा ओढला. मी चहा पाजला. ‘काका, तारा वरून जाणार, जमीन तुमचीच राहणार,’ असं त्यांच्यातला एकजण म्हणाला आणि मला ते पटलं. लाईन किती दाबाची, खांब नेमका कुठे, ताण कुठे रोवणार, तारा स्लॅबपासून किती लांब, यातलं काहीही मी विचारलं नाही. माझ्या स्लॅबवर वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया तेव्हा त्यांच्याही डोळ्यांसमोर होत्या आणि माझ्याही.

जमीन नावावर राहते, हे खरं. तिचा वापर मात्र बदलतो. सुरक्षेच्या नियमांप्रमाणे ११ केव्हीची तार इमारतीच्या वरून किमान ३.७ मीटर आणि बाजूने किमान १.२ मीटर दूर असावी लागते. आज तार खालच्या मजल्यापासून नियमात आहे. वरचा मजला चढवला की मागची खोली त्या अंतरात येते. मुलासाठी ठरवलेली खोली तिथेच होती. आणि एकदा लाईन उभी राहिल्यावर तिच्याजवळ बांधकाम करायचं तर कंपनीला आधी लेखी कळवावं लागतं, आराखडा द्यावा लागतो, आणि तार हलवायची ठरली तर तो खर्च बांधणाऱ्याने भरायचा असतो. खड्डा खणण्याआधी खांब चार हात सरकवा म्हणालो असतो, तर तो विषय कंपनीच्या आखणीत बसला असता. आता तो खर्च माझ्या खिशातून जायचा आहे.

दुसरी चूक सहीची. संमतीपत्र जीपच्या बॉनेटवर ठेवून मी सही केली. त्यात गट नंबर होता; नकाशा जोडलेला नव्हता, खांबांची संख्या नव्हती, मोबदल्याची रक्कम नव्हती. उताऱ्यावर माझ्यासोबत मुंबईला असलेल्या धाकट्या भावाचंही नाव आहे, त्याला फोनसुद्धा केला नाही. कागदाची प्रत मागून घेतली नाही. भावाने पुढे विचारलं, ‘दादा, नेमकं कशाला हो म्हणालास?’ माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.

मला तेव्हा वाटायचं, सरकारी काम आहे, आपण नाही म्हटलं तरी होणारच. गावाच्या वाटपाच्या लाईनबाबत हे इतकं सरळ नाही. विद्युत अधिनियम २००३ खाली २००६ साली केलेल्या नियमांनुसार, जिथे आधी लाईन नाही अशा जमिनीवरून ती न्यायची तर मालकाची किंवा भोगवटादाराची पूर्वसंमती घ्यावी लागते. त्याने हरकत घेतली तर कंपनीला जिल्हाधिकाऱ्यांची किंवा शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणावी लागते, आणि परवानगी देताना त्यांनी लोकांचं म्हणणं ऐकून भरपाई किंवा वार्षिक भाडं ठरवायचं असतं. लेखी हरकतीने काम थांबलंच असतं असं नाही, पण मला बोलायला जागा मिळाली असती. ती मी स्वतःच्या सहीने बंद केली.

अतिउच्चदाबाच्या मनोऱ्यांची गोष्ट वेगळी. ते उभारणाऱ्या कंपनीला विद्युत अधिनियमाच्या कलम १६४ खाली १८८५ च्या तार अधिनियमातले अधिकार दिलेले असतील, तर मालकाची संमती लागत नाही. तिथे हक्क उरतो तो पूर्ण भरपाईचा, आणि रक्कम अपुरी वाटली तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाण्याचा. केंद्राच्या २०१५ च्या सूचनांत मनोऱ्याच्या पायाखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के मोबदला होता. जून २०२४ च्या सूचनांत तो २०० आणि ३० टक्के झाला. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा: तुम्ही कोणत्या अधिकाराने आलात, आदेश दाखवा.

तिसरी चूक पैशांची. नारळ आणि दोन आंबे तोडले, पंचनामा झाला, झाडांचे पैसे मिळाले. तीच सगळी भरपाई, असं मी धरून चाललो. पण २००७ साली केरळच्या वीज मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की जमीन कुठे आहे, तारा तिच्या कुठल्या भागावरून आणि किती जातात, तिची किंमत किती घटते, हेही भरपाई ठरवताना पाहावं लागतं. तो खटला तार अधिनियमाखालच्या भरपाईचा, तरी त्यातलं सूत्र माझ्यासारख्याने मांडायला हवं होतं. मी घटलेल्या किमतीबद्दल एक ओळही लिहून दिली नाही.

चौथी चूक मला सगळ्यात जास्त लागते. खांब उभा राहिल्यावर घरात सगळ्यांच्या लक्षात आलं, आणि मी तारा ओढणाऱ्या पोरांवर धावून गेलो. ती रोजंदारीवरची पोरं, आखणीशी त्यांचा संबंध काय? राग त्यांच्यावर काढला, अर्ज कुठेच दिला नाही. ‘नंतर सरकवून देऊ’ या तोंडी शब्दावर घरी बसलो. तो शब्द देणारा माणूस बदलून गेला.

आता मी आणि भावाने मिळून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला आहे. पुरेसं कारण दाखवलं तर उभी लाईन हलवण्याचा किंवा बदलण्याचा आदेश ते देऊ शकतात, अशी तरतूद त्याच २००६ च्या नियमांत आहे. सोबत स्लॅबचे, सळयांचे फोटो आणि घराचा आराखडा जोडला आहे. निकाल काय येईल ते येईल. या वेळी आवक शिक्क्याची पोच माझ्या फाईलमध्ये आहे.

वीज सगळ्यांना हवी, आम्हालाही. लाईन कुठून तरी जाणारच. पण ती बांधाच्या कडेने न्यायची की घराच्या डोक्यावरून, हे ठरवताना त्या घरातल्या माणसाचं म्हणणं कागदावर असलं पाहिजे. नकाशा पाहिल्याशिवाय, सहहिस्सेदारांना विचारल्याशिवाय, प्रत हातात घेतल्याशिवाय सही करू नका. वेळ मागा. दोन दिवस थांबायला सांगितलं म्हणून कुणाचीही वीज अडत नाही.