नवापूरचे आमदार आणि एक महिन्याची कैद

कायद्याच्या विद्यार्थ्यांना सुरूपसिंग हिऱ्या नाईक हे नाव एका खटल्याचे शीर्षक म्हणून ठाऊक असते. नवापूर तालुक्यातील मतदारांना तेच नाव मतपत्रिकेवरचे म्हणून ठाऊक होते, आणि तेही इतकी वर्षे, की एका पिढीने मतदानाच्या वयात येताना ते वाचले आणि आपल्या मुलांना मतदानाचे वय येईपर्यंत तेच वाचत राहिली. या दोन ओळखी एकाच माणसाच्या आहेत हे दोन्हीकडच्यांना सहसा माहीत नसते. त्यात भर म्हणजे न्यायालयीन कागदपत्रांत त्यांचे नाव कधी ‘स्वरूपसिंह’, कधी ‘सुरूपसिंह’, तर कधी वडिलांच्या नावाची विचित्र मोडतोड होऊन आलेले दिसते. आदिवासी माणसाच्या नावाशी कारकुनी लेखणी असेच वागत आली आहे. इतिहासाच्या तरुण अभ्यासकांनी संदर्भ शोधताना एवढे ध्यानात ठेवले, तरी त्यांचे कित्येक दिवस वाचतील.

प्रथम भूमी समजून घ्यावी लागते. नवापूर हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरील गाव. तेथील रेल्वे स्थानकाच्या फलाटावरूनच महाराष्ट्र आणि गुजरातची सीमा जाते, आणि एका बाकाचा अर्धा भाग एका राज्यात व उरलेला दुसऱ्यात, हे पाहायला लोक मुद्दाम उतरतात. ही गंमत १ मे १९६० या दिवसाची देणगी आहे. त्याआधी हा सारा मुलूख मुंबई राज्यातील पश्चिम खानदेश जिल्हा होता. द्वैभाषिकाचे विभाजन झाले तेव्हा पश्चिम खानदेशातील काही गावे गुजरातकडे गेली आणि बाकीचा जिल्हा पुढे धुळे या नावाने महाराष्ट्रात राहिला. नंदुरबार हा वेगळा जिल्हा त्यातून निघाला, तो थेट १ जुलै १९९८ रोजी. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. राज्यातील कोणत्याही जिल्ह्यात हे प्रमाण इतके नाही. जिल्ह्यातील चारही विधानसभा मतदारसंघ आज अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत.

नाईकांचे नाव देशपातळीवर प्रथम दिसते ते १९७७ मध्ये. आणीबाणीनंतरच्या त्या निवडणुकीत उत्तर भारतात काँग्रेसचा धुव्वा उडाला. महाराष्ट्रातही ४८ पैकी २० जागांवर पक्ष थांबला. त्या २० जागांमध्ये नंदुरबार होते आणि तेथून निवडून आलेले खासदार होते सुरूपसिंग नाईक. १९८० साली ते पुन्हा जिंकले. लाट कोणतीही असो, नंदुरबार काँग्रेसचेच, हा समज त्या काळात पक्का झाला. पक्षाने या मातीला पुढे जवळजवळ शुभशकुनाचा दर्जा दिला. आधार कार्डाच्या योजनेचा प्रारंभही २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली गावी, पंतप्रधान मनमोहनसिंग व सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत झाला, हे त्या परंपरेतलेच.

१९८१ मध्ये मात्र एक अदलाबदल झाली. तिच्याकडे चरित्रकार फारसे पाहत नाहीत, पण जिल्ह्याचे पुढील तीन दशकांचे राजकारण तिने आखून दिले. नाईकांनी लोकसभा सोडली आणि ते नवापूरचे आमदार झाले. नवापूरचे तेव्हाचे आमदार माणिकराव होडल्या गावित पोटनिवडणुकीने लोकसभेत गेले. गावित दिल्लीत नऊ वेळा निवडून येऊन २०१४ पर्यंत राहिले. नाईक मुंबईत राहिले. दिल्ली एकाची, मुंबई दुसऱ्याची, अशी ही वाटणी. खासदारकी सोडून आमदारकी पत्करणे हे बाहेरच्याला पायउतार वाटेल. पण ज्या भागात माणसाचा सरकारशी संबंध आश्रमशाळा, वनरक्षक, तलाठी आणि एस. टी. या चार वाटांनीच येतो, तेथे सत्ता मंत्रालयात असते, संसदेत नसते. नाईकांनी ते ओळखले होते असे त्यांच्या निवडीवरून मानावे लागते.

१९८५, १९९०, १९९५, १९९९, २००४. या पाचही निवडणुकांत नवापूरने त्यांनाच पाठवले. १९९५ मध्ये राज्यात युतीची सत्ता आली, तेव्हाही. काँग्रेसच्या मंत्रिमंडळांत त्यांनी मंत्रिपदे भूषवली. एवढ्या दीर्घ कारकिर्दीत सभागृहात गाजलेले भाषण कोणते, असा प्रश्न विचारणाऱ्यांना राखीव मतदारसंघातील राजकारण नीट उमगलेले नसते. तेथे आमदार भाषणाने मोजला जात नाही. दाखला मिळाला का, मुलाला आश्रमशाळेत प्रवेश झाला का, रस्ता पाड्यापर्यंत आला का, यांवर तो मोजला जातो. या हिशेबाची दुसरी बाजूही आहे. त्याच दशकांत याच जिल्ह्यात निवडणुकीबाहेरचे राजकारण तितक्याच जोमाने चालले होते. शहाद्याकडे सत्तरच्या दशकात अंबरसिंग महाराज व श्रमिक संघटना यांनी गेलेल्या जमिनी आणि शेतमजुरी हे प्रश्न पेटवले. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांत सरदार सरोवराच्या बुडिताखाली येणाऱ्या ३३ गावांसाठी नर्मदा बचाव आंदोलन उभे राहिले. जमीन, जंगल आणि विस्थापन हे जिल्ह्याचे तीन मूळ प्रश्न सभागृहापेक्षा रस्त्यावर अधिक बोलले गेले. वर्षानुवर्षे निवडून येणाऱ्या सर्वच प्रतिनिधींच्या पदरी हा ठपका येतो, आणि नाईक त्याला अपवाद ठरत नाहीत.

आता त्या खटल्याकडे वळू. त्यासाठी नवापूरहून थेट निलगिरीत जावे लागते.

१९९५ मध्ये टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाद या केरळी संस्थानिक घराण्यातील गृहस्थांनी गुडलूर भागातील वृक्षतोडीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. विषय एका डोंगराचा होता. न्यायालयाने तो साऱ्या देशाचा केला. १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने ‘वन’ या शब्दाचा कोशातील अर्थच कायद्यात ग्राह्य धरायचा ठरले. जमीन कोणाच्या मालकीची आहे याने फरक पडणार नव्हता. त्यापाठोपाठ ४ मार्च १९९७ रोजी आणखी एक आदेश आला, तो नेमका महाराष्ट्र व उत्तर प्रदेश या दोन राज्यांसाठी. विनापरवाना चालणाऱ्या सर्व आरागिरण्या आणि प्लायवूड-व्हिनियरचे कारखाने तात्काळ बंद करावेत, आणि राज्य सरकारने ही बंदी सैल करू नये किंवा नवे परवाने देऊ नयेत, असे त्यात होते. जंगल राखायचे तर कुऱ्हाडीमागे धावून उपयोग नाही, लाकूड जेथे कापले जाते ते पातेच थांबवावे, हा त्यामागील विचार.

पुढे नाईक वनमंत्री असताना काही लाकूड-उद्योगांना राज्याच्या वन विभागाने चालू राहण्याची मुभा दिली. फाइल खालून वर गेली, शेरे पडले, वनमंत्री व वन विभागाचे प्रधान सचिव यांच्या संमतीने परवानगी निघाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर आले तेव्हा दोघांनीही माफी मागितली. न्यायालयाने ती स्वीकारली नाही. १० मे २००६ रोजी दोघांनाही न्यायालयाच्या अवमानाबद्दल एक महिन्याची साधी कैद सुनावण्यात आली. निकालाच्या दिवशी नाईक विलासराव देशमुख यांच्या मंत्रिमंडळात होते. मंत्रिपद गेले आणि मंत्री तुरुंगात गेला. न्यायालयाच्या अवमानासाठी राज्याच्या मंत्र्याने प्रत्यक्ष कैद भोगावी, असे प्रसंग भारतीय प्रजासत्ताकाच्या इतिहासात फार थोडे आहेत.

आमदारकी मात्र राहिली. लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे सर्वसाधारणपणे दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली तरच सदस्यत्व जाते. एक महिना त्या मोजमापात बसत नाही. नाईक २००९ पर्यंत नवापूरचे आमदार राहिले.

येथे या कथेला अनपेक्षित फाटा फुटतो. शिक्षेच्या काळातला मोठा भाग नाईक मुंबईच्या सर ज. जी. समूह रुग्णालयात होते. एका नागरिकाला शंका आली, की हा मुक्काम आजारासाठी की तुरुंग टाळण्यासाठी? माहितीचा अधिकार कायदा तेव्हा वर्षाचाही झाला नव्हता. १२ ऑक्टोबर २००५ पासून तो अमलात आला होता. त्या नागरिकाने वैद्यकीय कागदपत्रे मागितली. नाईकांनी विरोध केला. माझा आजार ही माझी खासगी बाब, डॉक्टरांनाही गोपनीयतेचे बंधन आहे, असा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद होता. तो उथळ नव्हता. कैद्यालाही शरीर असते आणि त्या शरीराची गुपितेही असतात.

मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये या प्रकरणी दिलेला निर्णय पुढे देशभर उद्धृत झाला. वैद्यकीय परिषदेची गोपनीयतेची नियमावली माहितीच्या अधिकाराच्या कायद्यावर मात करू शकत नाही. रुग्णाची माहिती सामान्यतः राखून ठेवावी, पण शिक्षा भोगणारा माणूस रुग्णालयाचा आडोसा घेतो आहे का हे जाणून घेण्यात लोकहित असू शकते. आणि ज्याची माहिती मागितली गेली त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी. या तीन सूत्रांभोवती तो निर्णय फिरतो. शंका खरी की खोटी हा प्रश्न त्यात वेगळा राहतो, हे वाचकांनी विसरू नये. रुग्णालयात दाखल असणे म्हणजे सोंग करणे नव्हे.

या निर्णयात एका तरतुदीची चर्चा आहे, जी नाईकांच्या कारकिर्दीवर जणू टिपणीच करते. कायद्याच्या कलम ८(१)(ञ) ला जोडलेल्या परंतुकाचा आशय असा होता, की जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. ज्याने आयुष्यातील एवढी वर्षे त्या विधिमंडळात प्रश्न विचारण्याचा अधिकार बाळगला, त्याच्याच प्रकरणात सामान्य नागरिक विधिमंडळाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. नंतर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने हे कलम आखूड करण्याची तरतूद केली, तेव्हा त्या परंतुकाचे काय, यावर पुन्हा वाद पेटला.

२००६ हे वर्ष नवापूरसाठी विलक्षणच म्हणावे लागेल. फेब्रुवारीत देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत सापडला, लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, आणि तालुक्याचा एक भरभराटीचा धंदा बसला. मे महिन्यात तेथील आमदाराला कैद झाली. आणि वर्ष संपता संपता, २९ डिसेंबर रोजी, वनहक्क कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली.

ही तिसरी घटना पहिल्या दोहोंपेक्षा मोठी आहे, आणि तिचा गोदावर्मन खटल्याशी थेट संबंध आहे. त्याच खटल्याच्या आदेशांचा आधार घेऊन केंद्र सरकारने मे २००२ मध्ये वनजमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे फर्मान राज्यांना धाडले होते. सातपुड्यात जी शेते बापजाद्यांपासून कसली जात होती, त्यांना ‘अतिक्रमण’ हे नाव मिळाले. त्या धगीतून देशभर आंदोलने झाली आणि कायदा आला. म्हणजे एकाच खटल्याने बेकायदा आरागिरण्यांना चाप लावला, जंगले वाचवली, आणि त्याच खटल्याच्या सावलीत जंगलात राहणाऱ्यांची शेते धोक्यात आली. आदिवासी वनमंत्र्याने न्यायालयाचा रोष ओढवून घेतला तो कसणाऱ्याच्या शेतासाठी असता, तर इतिहासाने त्याचे मोजमाप वेगळे केले असते. तो ओढवला लाकडाच्या कारखान्यांसाठी. या कारकिर्दीतील खरी खंत येथे आहे, कैदेत नाही.

नवापूरच्या मतदारांनी त्याचा न्याय लगेच केला नाही. तीन वर्षांनी, २००९ मध्ये, त्यांनी नाईकांना घरी बसवले. समाजवादी पक्षाचे शरद गावित निवडून आले. त्यात खटल्याचा वाटा किती आणि दीर्घ सत्तेच्या कंटाळ्याचा किती, हे मतपेटी सांगत नसते. २०१४ मध्ये तर सारेच उलटे झाले. लोकसभेत माणिकराव गावितांचा गड भाजपच्या हीना गावित यांनी जिंकला. आणि काहीच महिन्यांनी, काँग्रेस राज्यभर कोसळत असताना, सुरूपसिंग नाईक नवापूरमधून परत आमदार झाले. २०१९ मध्ये ती जागा त्यांचे पुत्र शिरीषकुमार नाईक यांच्याकडे आली. २०२४ च्या निवडणुकीतही ती त्यांच्याकडेच राहिली, पण अगदी निसटत्या मतांनी, आणि समोर उभे होते तेच शरद गावित, या वेळी अपक्ष.