110 आणि 111

लिनक्सच्या लॉगमध्ये हे आकडे शेजारी आहेत. 110 म्हणजे ‘कनेक्शन टाइम्ड आउट’, 111 म्हणजे ‘कनेक्शन रिफ्युज्ड’. ‘साइट उघडत नाहीये’ म्हणणाऱ्याला दोन्ही सारखेच. फोन आला की मी मात्र पहिलं विचारतो: एरर लगेच आला की थांबून?

लगेच आला तर हायसं वाटतं. 111 हे उत्तर आहे. आपलं सिन पॅकेट पलीकडे पोचलं, तिथल्या कर्नलने पाहिलं की या पोर्टवर कुणी ऐकत नाहीये, आणि आरएसटी पाठवून तसं कळवलं. (क्वचित मधली फायरवॉलही असा नकार धाडते.) मग सेवा बंद आहे, की 127.0.0.1 वर बांधली जाऊन फक्त स्वतःच्या मशीनपुरती ऐकतेय, एवढंच बघायचं. मध्ये एनजिनएक्स असेल तर ब्राउझरला 111 चा 502 दिसतो, 110 चा 504.

110 मध्ये कुणी बोललेलंच नसतं.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री सहकाऱ्याचा फोन आला. “दादा, चारदा रीस्टार्ट केलं, तरी तेच.” लॉगमध्ये 110. त्याला टीसीपीडंप लावायला सांगितलं. सिन गेलं. एका सेकंदाने तेच पुन्हा. मग दोन सेकंदांनी, चार, आठ, सोळा, बत्तीस. त्या मशीनवर मूळ सेटिंगप्रमाणे सहा फेरप्रयत्न होते. शेवटचे चौसष्ट सेकंद वाट पाहून, एकूण 127 सेकंदांनी कर्नलने हात टेकले. ओळींमधलं अंतर वाढत गेलं तसे आम्हीही फोनवर गप्प झालो. मग सर्व्हरवर टीसीपीडंप लावला, तर एकही ओळ नाही. पॅकेट तिथवर पोचतच नव्हतं. संध्याकाळी मधल्या फायरवॉलवर नवे नियम चढले होते, त्यांत हे पोर्ट राहून गेलं होतं. फायरवॉल पॅकेट नाकारत नव्हती, गिळत होती. सर्व्हर कितीही वेळा रीस्टार्ट केला असता तरी काय होणार होतं?

अनोळखी माणसाला उत्तरच देऊ नये, हे फायरवॉलवाल्यांचं म्हणणं बाहेरच्या जगापुरतं मला मान्य आहे. पण आपल्याच दोन मशीनमध्ये ड्रॉप नको, रिजेक्ट लावा, यासाठी मी आजही भांडतो. रात्री जागणाऱ्याला निदान ‘नाही’ तरी ऐकू यावं.

नियम दुरुस्त झाला. सहकाऱ्याने पुन्हा कर्ल मारलं आणि ओरडला, “दादा, रिफ्युज्ड आलं!” सेवा त्यानेच मघाशी थांबवून ठेवली होती. ती त्याने सुरू केली.