उरलचं नाव कुणी घेत नाही

कारगिल दिनाला धारवाडच्या एका शाळेनं मला बोलावलं. ओळख करून दिली ती ‘बोफोर्स चालवणारे जवान’ अशी. मी उभा राहून सांगितलं, मी ग्रॅड रॉकेट लाँचरच्या उरल ट्रकचा ड्रायव्हर होतो. तरी हातात पडलेल्या मानपत्रावर बोफोर्सच. घरच्यांना यात रागवण्यासारखं काही दिसत नाही, मला दिसतं.

भरती, नाशिकरोडचं ट्रेनिंग, हे साऱ्या तोफखान्याचं सारखंच. पुढे हाती आली उरल-३७५डी. रशियातल्या मियासची गाडी, सहाही चाकांना जोर, स्टिअरिंग डावीकडे. चाकांतली हवा केबिनमध्ये बसूनच कमी-जास्त करायची.

चाळीस रॉकेटं वीस सेकंदांत सुटतात, हे टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलंय. पुढचं कुणी दाखवत नाही. १९९९च्या त्या उन्हाळ्यात द्रासला शत्रू वर शिखरांवर आणि आम्ही खाली उघड्यावर. रॉकेटं सुटली की मागे आग आणि धुळीचा लोट उठायचा. आमची जागा शत्रूला कळलीच म्हणायची. थांबलो तर त्याचे गोळे आमच्यावर. ग्रॅडला जॅक लावावे लागत नाहीत. मागचं सस्पेन्शन लॉक करून चाकांवर उभ्या गाडीतूनच मारा होतो, म्हणून लगेच निघता येतं. पण निघायचं कसं? अंधारात हेडलाइट बंद, खिडकीखाली रस्त्याची कड, कानात दडे बसलेले, मागून ओरडणाऱ्याचं काही ऐकू येत नाही. तेवढ्यात क्लच, गिअर आणि दगडगोट्यांतून गाडी बाहेर. त्या वेळी इंजिन बंद पडलं असतं, तर अख्खी तुकडी गेली असती. माझी उरल बंद पडली नाही. बोफोर्सचा मान मोठाच आहे, त्यात वाद नाही. पण हेही मुलांना सांगायला नको का?

 

उरलचं एवढं कौतुक करतोय, पण तेव्हा तिला सगळ्यात जास्त शिव्या मीच घातल्या. सात लिटरचं पेट्रोल इंजिन, शंभर किलोमीटरला पन्नासेक लिटर पिणार, वर विरळ हवेत चढाला धापा टाकणार. शिवाय पेट्रोलच्या टाकीवर रॉकेटं घेऊन बसायचं. रशियानं १९७७ पासून डिझेलची उरल-४३२० काढली होती. आमच्या लाँचरखाली तीच हवी होती, असं मी आजही म्हणतो.