खालच्या मजल्यावरचा विसर

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. दोघी-तिघींनी विचारलं, ब्लॉग बंद केलात का म्हणून. बंद नाही हो, घरात जरा वेगळंच चाललं होतं. ते इथे लिहावं की नाही, असं मनात होतं. शेवटी हेच म्हणाले, "लिही की. लपवण्यासारखं काय आहे त्यात?" तर हे ह्यांच्या परवानगीने.

गोष्ट सुरू झाली पासवर्डपासून. ह्यांना एका संकेतस्थळावर दर महिन्याला काही कागद बघायचे असतात. एक दिवस पासवर्ड चालेना. तीनदा चुकला आणि खातं बंद पडलं. नवीन पासवर्ड घेतला, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. पासवर्ड लिहिताना अक्षरं दिसत नाहीत, नुसती टिंबं दिसतात, त्यामुळे काय चुकलं तेही कळेना. हे नुसतं म्हणायचे, "मला तर हाच आठवतोय."

वय अठ्ठ्याहत्तर. आमच्या वयाच्या माणसांना अशा वेळी काय वाटतं, हे वेगळं सांगायला नको. ह्यांच्या थोरल्या भावाची शेवटची चार वर्षं आम्ही जवळून पाहिली आहेत. सुरुवात अशीच झाली होती.

त्यात लेकीला जाणारी ह्यांची पत्रं. मराठी पत्र अगदी स्वच्छ, पण जावयांसाठी शेवटी इंग्रजीत चार ओळी असत, त्यात चुका. 'माय'च्या जागी एम-झेड, 'डे'च्या जागी डी-ए-झेड. लेकीला ते दिसत होतं, पण बाबांना वाईट वाटेल म्हणून ती गप्प. मी तर पाठवायच्या आधी गुपचूप दुरुस्त करू लागले. पस्तीस वर्षं लाल शाईने मुलांच्या चुका दाखवल्या आणि घरातल्या माणसाची चूक मात्र लपवत होते. एकदा ह्यांची वही हाती लागली. एका पानावर गॅसचा नंबर, आमच्या लग्नाची तारीख आणि खाली तिन्ही नातवंडांची नावं लिहिलेली होती. नातवंडांची नावं कशाला लिहून ठेवायची? मी वही होती तिथे ठेवून दिली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले.

एके दिवशी खाली दिवे गेले म्हणून हे वर येऊन माझ्या लॅपटॉपवर बसले. पासवर्ड पहिल्या फटक्यात चालला! दुसऱ्या दिवशी खालच्या संगणकावर पुन्हा चुकला. मला मोठं आश्चर्य वाटलं. वरच्या मजल्यावर आठवतं आणि खालच्या मजल्यावर विसरतं, असा कुठे विसर असतो का?

ह्यांच्या पुतण्याचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. आमच्या दोन्ही संगणकांवर उबुंटू त्यानेच घालून दिलंय. त्याला बोलावलं. तो म्हणाला, "आजी, दोन्हीकडे कुठला कीबोर्ड आहे ते आधी संगणकालाच विचारू." आणि त्याने एक स्क्रिप्ट लिहायला घेतली. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला एकाखाली एक लिहून दिलेल्या सूचना, पाककृतीसारख्या. मी म्हटलं, तू सांग, टाइप मी करते.

उबुंटूमध्ये जोडलेल्या साधनांची एक यादी असते, अगदी हजेरीपटासारखी. त्यातून आधी 'केबीडी' असा शेरा असलेल्या नोंदी काढल्या. तर संगणक चालू-बंद करायचं बटणसुद्धा कीबोर्ड म्हणून हजर! म्हणून चाळणी बारीक केली. ज्याला कॅप्स लॉकसारखे दिवे आहेत आणि ज्याची कळ दाबून धरली की अक्षर पुन्हा पुन्हा उमटतं, तोच खरा कीबोर्ड. लॅपटॉपचा निघाला 'एटी ट्रान्सलेटेड सेट टू कीबोर्ड'. त्यातलं 'एटी' हे आयबीएमच्या 1984 सालच्या संगणकाचं नाव. नवा लॅपटॉप अजून आजोबांचं नाव लावतो म्हणायचं :)

खालच्या संगणकाचा कीबोर्ड यूएसबीचा. त्याचे दोन क्रमांक मिळाले, एक बनवणाऱ्याचा आणि एक त्या मालाचा. बाकी सगळं ठीक, दोष काही नाही. यूएसबी कीबोर्डला आपला देश सांगायचीही सोय असते. त्यासाठी एक रकाना आहे, जर्मनीचा आकडा 9, अमेरिकेचा 33. आमच्या कीबोर्डने तिथे शून्य लिहिलं होतं. बहुतेक कीबोर्ड तसंच करतात म्हणे.

मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आजी, कळ कितवी दाबली एवढंच कीबोर्ड सांगतो. कळेवर काय छापलंय ते त्यालाही ठाऊक नसतं. आपणच बघायला हवं."

आम्ही दोघं टेबलाशी वाकलो. वरच्या ओळीत टी आणि यू यांच्यामध्ये वाय असायला हवा, तिथे झेड होता! वाय खाली डाव्या कोपऱ्यात.

मग लख्ख प्रकाश पडला. आधीच्या कीबोर्डवरची अक्षरं पुसट झाली होती म्हणून दिवाळीत लेकीने जर्मनीहून स्वतःचा मोठ्या कळांचा कीबोर्ड आणला होता. जर्मन भाषेत झेड फार लागतो आणि वाय क्वचित, म्हणून तिकडे त्यांच्या जागा उलट. डोक्यावर दोन टिंबं असलेली अक्षरंही मला दिसली होती, पण तिकडची नक्षी असेल म्हणून सोडून दिलं! संगणक मात्र त्याला अमेरिकन कीबोर्ड समजत होता. हे बघून बघून वाय दाबायचे आणि टिंबाखाली झेड पडायचा. पासवर्डमध्ये वाय होता (आता बदललाय, प्रयत्न करू नका!).

मराठी का चुकत नव्हतं? कारण निवृत्तीनंतर हे इन्स्क्रिप्ट शिकले. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, सगळं बोटांत बसलेलं. कळेवर काय छापलंय ते बघायची ह्यांना गरजच पडत नाही. इंग्रजी तेवढं बघून.

मला खाली माझा जुना कीबोर्डच बरा वाटतो, त्यामुळे आम्ही आलटून पालटून जोडतो. म्हणून स्क्रिप्टमध्ये शेवटी दोन ओळी घातल्या. हा क्रमांक दिसला तर जर्मन मांडणी लाव, नाहीतर नेहमीची. जर्मन मांडणीची ओळ माणसाने वाकून पाहिलं म्हणूनच लिहिता आली. यंत्राला नंबर कळतो, पण नंबराच्या मागे काय आहे ते बघायला माणूसच लागतो. वर्गातही तसंच नाही का? हजेरीपटावर सगळे हजर असतात, पण शेवटच्या बाकावरच्याला फळा दिसतो की नाही, ते जवळ जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही. इतक्या वर्षांत मी किती जणांना विचारलं असेल?

ह्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी कीबोर्ड उचलून डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे मी वायच दाबत होतो." एवढंच. रात्री मात्र म्हणाले, "अगं, वहीतलं ते पान फाडू का?" म्हणजे मी पान पाहिलंय हे त्यांना ठाऊक होतं! मी म्हटलं, "राहू दे. लग्नाची तारीख तुम्हाला तशीही कधी लक्षात राहिली नव्हती."

असो. विसर पडणारच नाही असं मी म्हणत नाही. ह्यांचा चष्मा आजही रोज हरवतो, माझाही. पण पाच महिने आम्ही तिघंही एकमेकांना जपत गप्प राहिलो. लेकीने एकदा जरी विचारलं असतं, "बाबा, वायचा झेड का होतोय?" तर त्याच दिवशी सुटलं असतं. मी दुरुस्त केलं नसतं तर त्यांना स्वतःलाच दिसलं असतं.

तेव्हा मुलांनो, आई-बाबांचा पासवर्ड चुकला तर लगेच वयावर जाऊ नका. कॅप्स लॉक बघा, मराठी चालू राहिलंय का बघा. पासवर्ड आधी कोऱ्या पानावर, दिसेल असा लिहायला सांगा आणि मग खोडून टाका. आणि एकदा कीबोर्डवर वाकून बघा.

तुमच्याकडे असं काही झालंय का? जरूर कळवा.