एलिमिनेशन

फर्स्ट इयरला 'गॉस एलिमिनेशन' शिकलो. समीकरणांतून एकेक अज्ञात राशी काढून टाकायची, सोप्पं! फायनलला कॅम्पसच्या एलिमिनेशन राउंडला मात्र मीच निघालो. चार दिवस मेसलासुद्धा गेलो नाही.

शेवटी सालेकशाचा रूममेट मला माघ पौर्णिमेच्या कचारगड जत्रेला घेऊन गेला. त्याची वहिनी आशा कार्यकर्ती. ती म्हणाली, "हिवतापाचं एलिमिनेशन २०३० पर्यंत करायचंय. म्हणजे इथला प्रसार थांबवायचा. पण पेशंट बाहेरून येऊ शकतो, म्हणून रक्त तपासणं सुरूच ठेवायचं." म्हणजे इथेही काढलं म्हणून विषय संपत नाही तर!

धनेगावहून डोंगर चढून गुहेत पोचलो. रूममेटने गोंडी परंपरेतली कथा सांगितली. इथे मुलांना कोंडून दाराशी शिळा लावली होती. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्यामुळे ती सुटली. कोंडलेली ती पोरंच पुढे गोंड समाजाचे पूर्वज ठरली.

उतरताना एकदम आठवलं, अरे, गॉसमध्येही काढलेली राशी हरवत नाही! शेवटी बॅक सब्स्टिट्यूशन केलं की तिचीही किंमत निघतेच.

होस्टेलवर आल्या आल्या पुढच्या कंपनीचा फॉर्म भरला.