दोन सॅक, एक टेकरी आणि मांडवचा पाऊस

माझा भाचा धारचा. इंदूरला नोकरीला लागल्यापासून शनिवार-रविवार तो कधी आईकडे धारला असतो, कधी आमच्याकडे देवासला. दोन्हीकडे येतो बसने, आणि पाठीवर कायम एकच सॅक. मातकट हिरवी, अंगभर आडव्या पट्ट्या शिवलेल्या, जागोजागी बकलं आणि कड्या. दारात आधी सॅक दिसते, मग भाचा. त्याची आजी तिला ‘बंदुकीची पिशवी’ म्हणते.

या सॅकला मागची एक गोष्ट आहे. शाळेपासून त्याला लष्करात जायचं होतं. दोनदा लेखी परीक्षा पास झाला, दोनदा भोपाळला एस.एस.बी.च्या मुलाखतीला जाऊन परत आला. दुसऱ्यांदा आला तेव्हा घरात कोणी काही विचारलं नाही. पुढे नोकरी लागली आणि पहिल्या पगारातून त्याने ही ‘टॅक्टिकल’ सॅक घेतली. त्यामुळे तिच्याबद्दल घरात सगळेच जरा जपून बोलतात. मीही वर्षभर काही बोललो नव्हतो.

श्रावणात एकदा जेवताना तो सहज म्हणाला, “मामा, बसमधून उतरलो की डाव्या हाताला मुंग्या येतात.” डॉक्टरांनी तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला तो बॅगेचा. खांद्यावरून हाताकडे जाणाऱ्या नसांवर पट्टा दाबला गेला की असं होतं. सैनिकांमध्ये आणि गिर्यारोहकांमध्ये हे इतकं जुनं दुखणं आहे की वैद्यकात त्याला ‘रकसॅक पाल्सी’ असं नावच आहे. आणि हाच मुलगा मे महिन्यात मित्रांबरोबर हिमाचलात सार पासला निघाला होता, हीच सॅक घेऊन! आता बोलणं भाग होतं.

बोलली माझी मुलगी. ती कॉलेजच्या ट्रेकिंगवाल्या मुलांत असते, तिच्याकडे साधी निळी आउटडोअर सॅक आहे. “दादा, भांडण नको. दोन्ही सॅक घेऊन चालू, मग ठरवू.” तो तयार झाला, कारण आपलीच सॅक जिंकणार याची त्याला खात्री होती.

आधी दोन्ही रिकाम्या सॅक स्वयंपाकघरातल्या ताणकाट्याला लटकवल्या. दोन्ही जवळपास ३० लिटरच्या. त्याची भरली १ किलो ७५० ग्रॅम, हिची ९०० ग्रॅम. म्हणजे काहीही भरायच्या आधीच तो जवळजवळ एक लिटर पाणी जास्त वाहत होता. पण हा फरक उगाच नाही. त्याच्या सॅकचं कापड १००० डेनिअरचं आहे. डेनिअर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा जितका मोठा तितका धागा जाड. हिच्या सॅकचं कापड २१० डेनिअरचं, फाटलं तर चीर पुढे जाऊ नये म्हणून मध्येमध्ये जाड धाग्याची चौकट विणलेलं. एक घासून झिजत नाही, दुसरं खांद्याला जड होत नाही.

मग त्या आडव्या पट्ट्यांचं काय? त्यांना ‘मॉली’ म्हणतात. अमेरिकी लष्कराच्या नॅटिक इथल्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात ही पद्धत तयार झाली. एक इंच रुंदीच्या पट्ट्या, दर दीड इंचावर टाका. त्यांत लहान पाकिटं विणल्यासारखी अडकवायची: कुठे काडतुसं, कुठे औषधं, कुठे वायरलेस. ज्याचं जसं काम तशी त्याची सॅक. कल्पना सुंदर आहे. आमच्या भाच्याने तिथे चष्म्याचं घर आणि पॉवर बँक अडकवली होती, आणि बाकीच्या पट्ट्या रिकाम्याच वजन वाढवत होत्या.

खरी मेख मात्र कमरेला होती. त्याच्या सॅकला कमरेचा पट्टा नावापुरता, एक बारीक नाडीवजा फीत. हिच्या सॅकला तळहाताएवढा रुंद, आत गादी असलेला. मला आधी ही सरळ सरळ कंजुषी वाटली. नंतर लक्षात आलं की त्यालाही कारण आहे. सैनिकाच्या अंगावर आधीच संरक्षक जाकीट असतं, कमरेला दारूगोळ्याचा पट्टा असतो. छोट्या हल्ल्याच्या सॅकसाठी कमरेवर जागाच उरत नाही, आणि सॅक झटकन उतरवता आली पाहिजे. (लष्कराच्या मोठ्या, कित्येक दिवसांच्या सॅकना मात्र चांगले रुंद कमरपट्टे असतात.) म्हणजे आपण जी ‘टॅक्टिकल’ म्हणून घेतो ती बहुतेक वेळा थोड्या वेळाच्या, थोड्या ओझ्याच्या सॅकची नक्कल असते. तिच्यात दिवसभराचं ओझं भरून डोंगर चढायचा हा तिच्यावरही अन्यायच आहे.

पहिली परीक्षा घरासमोरची, म्हणजे आमची देवासची टेकरी. मोठी माता तुळजाभवानी, छोटी माता चामुंडा. १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी सचिव म्हणून राहिलेल्या ई. एम. फॉर्स्टरने पुढे १९५३ मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ नावाचं पुस्तक लिहिलं, ती देवीची टेकडी हीच. आता रोपवे आहे, पण आम्ही दोन्ही सॅकमध्ये मोजून सात-सात किलो भरलं आणि पायी निघालो. दोघंही हसतखेळत वर. दर्शन, प्रदक्षिणा, खाली येऊन पोहे-जलेबी. भाचा म्हणाला, “बघा, काही फरक नाही.”

खरंच नव्हता. आणि लोक फसतात ते इथेच. दुकानात सॅक पाठीवर टाकून आरशासमोर दोन मिनिटं उभं राहिलं की प्रत्येक सॅक चांगलीच वाटते. अर्ध्या तासाच्या चढालाही ती चांगलीच वाटते. खांदा तक्रार करतो तो दुसऱ्या-तिसऱ्या तासाला.

रोजच्या वापरात तर त्याची सॅक सरस ठरली, हे कबूल करायला हवं. आठवडाभर दोघांनी सॅक बदलून इंदूरला ये-जा केली. त्याची सॅक सूटकेससारखी पूर्ण उघडते, लॅपटॉपला वेगळा कप्पा, डबा, चार्जर, छत्री सगळं एका नजरेत. बसच्या फरशीवर आपटली, सीटखाली कोंबली, कुणाचा पाय पडला, तिला काहीच होत नाही. हिची सॅक वरून भरायची. तळाशी गेलेल्या चाव्या काढायला सगळं बाहेर. तिचे लोंबते कमरपट्टे एकदा बसच्या दारात अडकले आणि कंडक्टरने जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मात्र त्याच्या सॅकची एक कडी एका मावशींच्या ओढणीत अडकली तेव्हा त्यालाही ऐकून घ्यावं लागलंच.

दुसरी परीक्षा मांडवला. आपल्याकडचं पावसाळ्यातलं माहेरच ते. धारहून सकाळच्या बसने पस्तीसेक किलोमीटर. घाट संपता संपता एकामागून एक दरवाजे लागतात आणि ढग थेट खिडकीतून आत येतात. आम्ही गावातून पायीच निघालो: सागर तलावाच्या कडेने, रेवा कुंडावरून, बाजबहादूरच्या महालाजवळून वर रूपमती मंडपापर्यंत. एका बाजूचं अंतर पाच-सहा किलोमीटर. गाडीने लोक दहा मिनिटांत जातात आणि वाटेतल्या गोरखचिंचा त्यांना दिसतही नाहीत. हत्तीच्या पायासारख्या बुंध्याची ती आफ्रिकेतून आलेली झाडं, इकडे खुरासानी इमली म्हणतात. त्यांची लांबट फळं रस्त्यावर विकायला असतात. मुलांनी एक घेतलं, आंबट तोंडं केली आणि उरलेलं माझ्या खिशात टाकलं.

मंडपावर पोहोचलो तर खाली निमाड नाहीच, फक्त पांढरं धुकं. स्वच्छ दिवशी इथून नर्मदेची रेघ दिसते. आम्ही वाट पाहत बसलो. भाच्याने सॅक उतरवली आणि डावा हात झटकला. कोणी काही म्हणालं नाही. मुलीने आपली निळी सॅक त्याच्यापुढे सरकवली.

“दादा, परत जाताना ही घे. पण मी सांगते तशी बांध.” आधी सगळे पट्टे सैल. मग कमरपट्टा, बेंबीच्या रेषेत, कमरेच्या हाडांच्या वरच्या काठावर गादी बसेल असा घट्ट. मग खांद्याचे पट्टे, फक्त सॅक पाठीला टेकेल इतके. शेवटी छातीचा छोटा पट्टा, श्वास घेता येईल असा. लोक बरोबर उलटं करतात: खांदे आवळतात आणि कमरपट्टा शोभेला ठेवतात.

तो चार पावलं चालला आणि थांबला. “मामा, वजन गेलं कुठे?”

वजन कुठेच गेलं नव्हतं, खांद्यावरून कमरेवर उतरलं होतं. १९५२ मध्ये कॅलिफोर्नियात डिक केल्टीने ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅक बनवून विकायला सुरुवात केली, ओझं खांद्याऐवजी कमरेवर घ्यायची कल्पना तिथून घराघरांत पोहोचली. आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न फार आधी वेगळ्याच रीतीने सोडवला होता. धार-देवासचे पवार मराठा घोडदळाबरोबर माळव्यात आले, त्या स्वारांचं सामान खुर्जीत असायचं. दोन्ही बाजूंना सारखं वजन, आणि तेही घोड्यावर! वारकऱ्याची पडशीही अर्धी पुढे, अर्धी मागे. एका खांद्यावर लॅपटॉप लटकवून पळायची पद्धत आपली नव्हे.

परतीच्या वाटेवर पाऊस आला, मांडवचा, आडवा. त्याच्या सॅकला पावसाचं आवरण नव्हतं. जाड कापड असल्याने पाणी आत जाणार नाही, हा त्याचा समज. कापडातून फारसं गेलंही नाही. गेलं ते चेनमधून आणि शिवणीतून. आणि त्या सगळ्या पट्ट्या न् गाद्या पाणी पिऊन बसल्या. रात्री धारला ताईच्या काट्यावर रिकामी सॅक साडेतीनशे ग्रॅमने जड भरली. निळी सॅक आवरणाखाली बरी राहिली, तरी पाठीकडून पाणी उतरलंच. शिवाय नीलकंठाच्या पायऱ्या उतरताना तिची बाजूची जाळी घाणेरीच्या फांदीत अडकून टरकन फाटली, तशी त्याच्या सॅकची कधी फाटली नसती. कोरडं राहिलं ते फक्त मुलीने कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशवीत गुंडाळून आत ठेवलेलं सामान. किंमत काही रुपये. सॅक कुठलीही असो, ही पिशवी आत हवीच.

आता तुमच्यापैकी कोणी नवीन सॅक घेणार असेल तर माझ्या अनुभवाचं थोडं. पाठीची लांबी मोजून घ्या: मान पुढे झुकवल्यावर उठून दिसतो त्या मणक्यापासून कमरेच्या हाडाच्या वरच्या काठापर्यंत. उंची सारखी असलेल्या दोघांची ही लांबी वेगळी निघते. माझ्या मुलीची आणि भाच्याची उलट जवळपास सारखी निघाली, तो तिच्याहून चार बोटं उंच असूनही. दुकानात जाताना घरून पाच-सहा किलो सामान न्या, सॅकमध्ये भरा आणि वीस मिनिटं दुकानातच फिरा. दुकानदार वैतागला तर वैतागू दे. ओझ्याचं म्हणाल तर शाळेच्या मुलांसाठी २०२० च्या दप्तर धोरणाने शरीराच्या वजनाच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली आहे. रोज ऑफिसला जाणाऱ्यांनीही ती पाळायला हरकत नाही.

आणि टॅक्टिकल घेणारच असाल तर साध्या रंगाची घ्या, लष्करी ठिपक्यांची नको. १५ जानेवारी २०२२ ला लष्कराने नवा गणवेश आणला, त्याच्या नक्षीची रीतसर नोंदणी केलेली आहे. सैनिक असल्याचा भास व्हावा म्हणून सैनिकी पोशाख किंवा चिन्ह वापरणं गुन्हाच आहे. हे मला भाच्याने सांगितलं, मी त्याला नाही. त्याने सॅक घेताना मुद्दाम बिनठिपक्यांची शोधली होती. “जे मिळवलं नाही ते घालायचं कशाला?” एवढंच बोलून त्याने विषय बदलला होता.

मे महिन्यात तो सार पासला जाऊन आला, ५० लिटरची मोठी सॅक मित्राकडून उसनी घेऊन, कमरपट्टा नीट बांधून. बर्फातला फोटो आजीच्या फोनवर आहे. हिरवी सॅक अजूनही रोज इंदूरच्या बसमध्ये असते, पण आता दोन्ही खांद्यांवर आणि निम्म्या सामानाची. पट्ट्यांतलं चष्म्याचं घर गेलं. तिथे आजीने शिवलेलं एक खाकी पाकीट आहे, त्यात तो शेव ठेवतो.