ब्लू पिल, चार वायरी आणि रात्रीचं पाणी

दिल्ली कॅन्ट म्हणजे पीस स्टेशन. फौजी माणसाच्या हिशेबात पीस स्टेशनचा अर्थ एवढाच, की संध्याकाळी रोल कॉल झाला की उरलेला वेळ आपला आणि रविवारही बहुतेक वेळा आपलाच. कुणी मुलांच्या अभ्यासामागे लागतो, कुणी आर. के. पुरमला पुनर्वसन महासंचालनालयात जाऊन पेन्शननंतरच्या कोर्सची चौकशी करतो, कुणी नुसता झोपा काढतो आणि मला त्याचंही काही वाटत नाही, फील्डमधून आलेल्या माणसाला झोपेचं कर्ज असतं. मी या थंडीत काडेपेटीएवढा एक निळा बोर्ड घेऊन बसलो.

कारण गावाकडचं आहे. आमचं शेत माण तालुक्यात. विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटार. शेतीची थ्री फेज लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दिवसा वीज देणाऱ्या सौर योजना आल्यात म्हणतात, आमच्या फीडरवर अजून काही दिसत नाही. म्हणजे पौष महिन्यात, रात्री दीड-दोनला, चौऱ्याहत्तर वर्षांचे आण्णा बॅटरी घेऊन विहिरीवर जाणार, स्टार्टरचं बटण दाबणार आणि मग गव्हात दारं धरत बसणार. मी चोवीस वर्षं रात्रीची संत्री ड्यूटी केली, पण दोन तासांनी बदली यायची. आण्णांची बदली कधी आली नाही. गेल्या डिसेंबरात ते बांधावरून घसरले. हाड मोडलं नाही, पण आईने फोनवर ज्या आवाजात सांगितलं तो आवाज डोक्यातून जात नव्हता.

गावात यावर उपाय आहे, त्याला सगळे 'ऑटो' म्हणतात. स्टार्टरला ऑटोस्विच लावला की लाइट आली की मोटार आपोआप सुरू. पण त्याला डोकं नसतं. विहिरीचं पाणी तळाला गेलं तरी मोटार कोरडी फिरत राहते आणि जळते. रिवाइंडिंगचा खर्च कांद्याचा नफा खाऊन टाकतो. दुसरं, लाइट आल्याबरोबर एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उचल घेतात आणि डीपी बसतो. म्हणून वीजवालेही ऑटो काढा आणि कॅपॅसिटर बसवा असं सांगत असतात, आणि ते बरोबर आहे. मला हवं होतं ते असं: लाइट आली की काही मिनिटं थांबायचं, प्रत्येक मोटारीने वेगवेगळं, मग सुरू करायचं, एका फेजच्या वायरीवर छोटा करंट ट्रान्सफॉर्मर बसवून करंट बघत राहायचं, पाच हॉर्सपॉवरची मोटार भरल्या पाण्यावर साडेसात अँपिअरच्या आसपास घेते, पाणी सुटलं की आकडा खाली येतो, आला की बंद. एवढं काम करायला निळा बोर्ड पुरेसा आहे. बाजारात तयार वस्तू मिळतात, मोबाइलवर चालणाऱ्याही. पण बिघडल्या की त्या उघडून काही कळत नाही, नवीनच आणावी लागते. ईएमईत आयुष्य काढलेल्या माणसाला हे पटणं कठीण.

आता बोर्डाविषयी. त्याला जगभर 'ब्लू पिल' म्हणतात. त्यावरची चिप एसटीएम३२एफ१०३. आत एआरएमचा कॉर्टेक्स-एम३ गाभा, वेग ७२ मेगाहर्ट्झ, फ्लॅश ६४ किलोबाइट, रॅम फक्त २० किलोबाइट. व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या सुप्रभातच्या एका चित्रालाही ती पुरणार नाही. मोटारीला मात्र चिक्कार झाली. करंट मोजायचा तर आत १२ बिटचा एडीसी आहे, म्हणजे आकडा ० ते ४०९५ मध्ये मिळतो. ही एसटीएम३२ मालिका २००७ मध्ये आली. ती काढणाऱ्या एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स कंपनीचं मोठं डिझाइन केंद्र ग्रेटर नोएडात आहे, म्हणजे माझ्या क्वार्टरपासून मेट्रोच्या अंतरावर. चिपच्या दुनियेत दिल्लीचं नाव कुणी घेत नाही, बंगळुरूचंच घेतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

बोर्ड मात्र मी लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटमधून आणला. दिल्लीत असाल आणि हातात सोल्डरिंगची सवय असेल तर हे मार्केट एकदा बघाच. पिंक लाइनने दिल्ली कॅन्टहून लाजपतनगर, तिथे व्हायोलेट लाइन, आणि लाल किला स्टेशनला बाहेर. बोळात बोळ, ट्रान्झिस्टर किलोवर विकायला ठेवल्यासारखे. बोर्ड, त्यात प्रोग्राम उतरवायचा एसटी-लिंक नावाचा पेनड्राइव्हएवढा डोंगल, दोन रिले, वायरी. दुकानदाराने विचारलं, "प्रोजेक्ट के लिए? कौन सा कॉलेज?" माझे पिकलेले केस त्याला दिसत होते, तरी विचारलं. लॅपटॉप नेहरू प्लेसचा, सेकंडहँड, चार जीबी रॅमचा. यातली कुठलीही वस्तू युनिटच्या गेटच्या आत गेली नाही. सगळं काम क्वार्टरमध्ये, जेवणाच्या टेबलावर. नवीन पोरांना हे वेगळं सांगायची गरज नसावी, पण सांगतो.

खरं काम प्रोग्राम लिहिण्याचं नव्हतंच. दिवा लुकलुकवायचा प्रोग्राम वीस ओळींचा. खरं काम म्हणजे तो ज्या जागेत तयार होतो ती जागा उभी करणं, ज्याला बिल्ड एन्व्हायर्नमेंट म्हणतात. मी त्याला वर्कशॉप म्हणतो. लॅपटॉपचा प्रोसेसर वेगळ्या जातीचा, बोर्डाचा वेगळ्या. लॅपटॉपवर बसून बोर्डाच्या भाषेतला प्रोग्राम तयार करायचा म्हणजे क्रॉस कंपायलर हवा. जीसीसी हा कंपायलर रिचर्ड स्टॉलमनने १९८७ मध्ये मोफत आणि खुला करून जगाला दिला. त्याचंच एआरएमसाठीचं रूप उबुंटूवर एका आज्ञेत येतं. कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअरही फुकट आहे, खिडक्या-बटणांचं, नवशिक्याला सोपं. पण ते डाउनलोडलाच जीबीच्या घरात, आणि माझ्या लॅपटॉपवर ते उघडेपर्यंत चहा होतो. मला साधी मेकफाइल बरी वाटली. काय कुठे होतंय ते डोळ्यांसमोर राहतं.

दोन फायली अशा होत्या की त्यांनी मला दोन रविवार घेतले, आणि ते रविवार मला आवडले. पहिली लिंकर स्क्रिप्ट. ती म्हणजे चिपचा नकाशा: फ्लॅश कुठल्या पत्त्यापासून सुरू होते, ६४ किलोबाइट कुठे संपतात, रॅम कुठे, प्रोग्रामचा कुठला भाग कुठे मुक्काम करणार. हिच्याशिवाय कंपायलरने कितीही चांगलं काम केलं तरी माल उतरवायचा कुठे हे ठरत नाही. दुसरी स्टार्टअप फाइल. वीज आली की चिप फ्लॅशच्या अगदी सुरुवातीचे चार बाइट वाचते, तो स्टॅकचा पत्ता. पुढचे चार बाइट, तो पहिल्या कामाचा पत्ता. तिथे गेल्यावर आधी फ्लॅशमधल्या सुरुवातीच्या किमती रॅममध्ये आणून ठेवायच्या, उरलेली रॅम शून्याने पुसून काढायची आणि मग मुख्य प्रोग्रामला हाक मारायची. कॅम्प लावण्याआधी अ‍ॅडव्हान्स पार्टी जाते ना, तंबू, पाणी, लंगर बघून ठेवते, अगदी तसंच. मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये हे पडद्याआड होतं. इथे अ‍ॅडव्हान्स पार्टीचा प्रत्येक माणूस नावाने ओळखीचा होतो.

मग चार वायरी जोडल्या: ३.३ व्होल्ट, ग्राउंड, एसडब्ल्यूडीआयओ, एसडब्ल्यूसीएलके. लॅपटॉप आणि बोर्ड यांच्यात बोलणारा दुभाषी ओपनओसीडी. हा प्रकल्प एका जर्मन विद्यार्थ्याच्या पदविकेच्या प्रबंधातून २००५ मध्ये उभा राहिला, आणि आज जगातले छोटे-मोठे सगळे तो वापरतात. पहिल्याच हाकेला उत्तर आलं: परवानगी नाही. लिनक्सवर यूएसबीच्या उपकरणाला साधा वापरकर्ता हात लावू शकत नाही. बरेच लोक इथे प्रत्येक आज्ञेआधी सुडो लावून मोकळे होतात. मला ते पटत नाही. कोतची चावी प्रत्येकाच्या खिशात द्यायची नसते. एक ओळीचा यूडेव्ह नियम लिहिला की त्या डोंगलपुरती परवानगी मिळते, कायमची.

दुसऱ्या हाकेला वेगळंच. प्रत्येक चिप आपला आठ अंकी ओळखक्रमांक सांगते. ओपनओसीडी म्हणाला, पहिला अंक १ हवा होता, आलाय २. बाकीचे सात तंतोतंत. म्हणजे चिपवर नाव एक आणि आत दुसऱ्याच कुणाची नक्कल. ब्लू पिलच्या बाबतीत हे सर्रास होतं. शेजारच्या ब्लॉकमधला परभणीचा क्राफ्ट्समन त्या दिवशी चहाला आला होता. तो म्हणाला, "साहेब, दुकानदाराला जाऊन धरू या." मी म्हटलं, त्यालाही पुड्यातून तसाच आला असेल. ओपनओसीडीच्या सेटिंगमध्ये हवा तो क्रमांक एका ओळीत बदलता येतो. बदलला, चिपने हात पुढे केला. पण विहिरीवर मी ती लावणार नाही. डुप्लिकेट माणूस गेटवर पकडला गेला आणि चांगला वागला, तरी त्याला कोतवर ठेवत नाहीत. अस्सल चिपचे दोन बोर्ड नंतर मागवले, महाग पडले. टेबलावर शिकायला हीच.

तो दिवा शेवटी लागला. बोर्डावरचा दिवा पीसी१३ या पायावर आहे आणि उलटा जोडलेला आहे: पायावर ० दिला की लागतो, १ दिला की विझतो. सौ. पोळ्या लाटत होत्या. म्हणाल्या, "अहो, एवढ्यासाठी तीन रविवार?" बाहेर दिल्लीचं धुकं, आत एक हिरवट ठिपका. हो, एवढ्यासाठीच.

आता या लेखाचा मुख्य भाग. माझी मूव्ह ऑर्डर मे महिन्याची आहे, पुढचं ठिकाण फील्ड. तिथे लॅपटॉप नाही, फोनही मिळेल तेव्हा. पावसाळ्यानंतर मोटार बदलली, करंटचा आकडा बदलला, तर प्रोग्राममधला एक आकडा बदलून पुन्हा बिल्ड करावा लागेल, आणि तेव्हा मी नसेन. म्हणजे माझ्या टेबलावर जे चालतं त्याची गावाला किंमत शून्य. गावात चाललं पाहिजे. थोरल्या भावाचा मुलगा साताऱ्याला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करतो, त्याच्याकडे लॅपटॉप आहे. फौजेत चार्ज देताना एकेक आयटम मोजून, सही घेऊन देतात. तसाच चार्ज त्याला द्यायचा ठरवलं. दोनशे पानी वहीत प्रत्येक आज्ञा जशीच्या तशी उतरवली, प्रत्येक आज्ञेनंतर पडद्यावर काय दिसायला हवं तेही. अट एकच: त्याने मला विचारायचं नाही, वहीला विचारायचं. विचारावं लागलं तर वही अपुरी, आणि ती मी दुरुस्त करायची.

पहिल्या शनिवारी त्याचे पाच फोन. दुसऱ्या शनिवारी दोन. वहीची पानं वाढत गेली. तिसऱ्यांदा सगळं सुरळीत झालं, फक्त शेवटचा आकडा जुळेना. बिल्ड झाल्यावर प्रोग्राम किती जागा खातो ते छापून येतं. माझ्याकडे २८५६ बाइट, त्याच्याकडे २८१२. प्रोग्राम तोच, अक्षर न् अक्षर. म्हणाला, "काका, कमीच आलाय की, बरंच झालं." मला ते बरं वाटेना. दोन वर्कशॉपमधून एकाच नकाशाचे दोन वेगळे पार्ट निघाले तर इन्स्पेक्शनवाला दोन्ही बाजूला काढतो. कारण सापडलं ते असं: माझं उबुंटू २२.०४, त्याचं २४.०४. माझ्याकडे कंपायलर १०.३, त्याच्याकडे १३.२. नवा कंपायलर जास्त हुशार, बाइट वाचवतो. चूक कुणाचीच नाही. पण पुढच्या वर्षी तो लॅपटॉप अपडेट करेल आणि आकडा परत हलेल, मग मोटार का बंद पडली ते शोधताना प्रोग्रामवर संशय घ्यायचा की कंपायलरवर, हे कुणाला कळणार? म्हणून सिस्टिमचा कंपायलर दोघांनीही सोडला. एआरएमच्या साइटवरून एकच ठरावीक आवृत्ती घेतली, दोघांनी प्रकल्पाच्या फोल्डरशेजारी उघडून ठेवली, मेकफाइलमध्ये तिचाच रस्ता लिहिला. मूळ फाइल एका पेनड्राइव्हवर, पेनड्राइव्ह आईच्या कपाटात, सातबाऱ्याच्या फायलीशेजारी.

गेल्या रविवारी रात्री नऊला त्याचा फोन. मी वही उघडून बसलो होतो, नव्या आवृत्तीचा माझा आकडा २८१६.

"सांगतो काका. टेक्स्ट दोन हजार आठशे सोळा."

मी म्हटलं, परत वाच. त्याने परत वाचला. मग वहीच्या त्या पानावर तारीख आणि 'चार्ज दिला' लिहिलं, त्याला त्याच्या प्रतीवर 'चार्ज घेतला' लिहायला लावलं. मागून आण्णांचा आवाज आला, "ह्या हप्त्यात लाइट रातचीच हाय, इचार त्याला कवा बसवतोय." मी म्हटलं, आण्णा, स्टार्टरच्या पेटीत हात गावातला वायरमन घालेल, पोरगा नाही, चारशे पंधरा व्होल्ट आहेत. वायरमन लग्नाला गेलाय, गुरुवारी येतो म्हणाला आहे. तोवर रात्री आण्णांच्या बरोबर पुतण्या विहिरीवर जातो.